दोन चंद्रांची संकष्टी

“केतकी, एक तारखेचं तिकीट नको काढूस. त्या दिवशी संकष्टी आहे.”

माझ्या नणंद सुलूताई बार्शीहून फोनवर बोलत होत्या. मी लंडनजवळच्या स्लाव नावाच्या गावात, एका मांडीवर पाच महिन्यांची जुई आणि दुसऱ्या मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. सासूबाईंचं तिकीट काढायचं होतं. मध्ये कुठे उतरायला न लागणारं, मुंबईहून थेट लंडनला येणारं विमान परवडेल अशा दरात त्या एकाच तारखेला दिसत होतं.

“असू दे ना ताई,” मी म्हणाले. “चंद्र काय फक्त बार्शीलाच उगवतो? इथे येऊन सोडतील उपास.”

“बघ बाई. भूगोलात एम. ए. तू केलंयस, मी नाही.”

मी हसले आणि बटण दाबलं.

एक नोव्हेंबरला सकाळी पावणेआठला आईंचा फोन आला. सासूबाईंना मी आईच म्हणते. तिकडे सव्वा वाजला होता आणि त्या विमानात जाऊन बसल्याही होत्या. त्रेसष्टाव्या वर्षी पहिलं विमान. आवाज सहलीला निघालेल्या मुलीसारखा.

“अगं, खिडकी केवढीशी आहे! आणि उघडतच नाही.”

“उघडायची नसते, आई. तुम्ही काही खाल्लंत का?”

“आज संकष्टी नाही का? आता तिथं येऊनच. मी सगळं बघून ठेवलंय. तेरा पन्नासला निघतंय, अठरा वीसला उतरतंय. साडेचार तास. आपल्या बार्शी-पुणे एस.टी.ला लागतात तेवढेच! चंद्रोदय आठ सेहेचाळीसचा. घरी येऊन आंघोळ, आरती, सगळं निवांत होतंय.”

“आई, ते अठरा वीस इथले आहेत. इथलं घड्याळ तुमच्या साडेपाच तास मागे...”

“काय? तुटतंय गं. ही मुलगी पट्टा लावा म्हणतेय. फोन बंद करते. जुईचा पापा घे माझा.”

फोन बंद. लगेच परत लावला, तर लागेना.

पासपोर्ट कुठल्या कप्प्यात, लोणचं कुठल्या बॅगेत, अधिकाऱ्याने विचारलं तर काय सांगायचं, हे आम्ही सगळ्यांनी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. प्रवास किती तासांचा आहे हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं. तिकिटावर छापलेलं होतं की.

मी सुलूताईंना फोन लावला.

“ताई, आईंनी सकाळपासून काय घेतलंय?”

“मुंबईत उतरल्यावर फोन आला होता तिचा. पहाटे सहाला अर्धा कप बिनसाखरेचा चहा. आणि साखरेची गोळी.”

“गोळी घेतली? आणि वर काही खाल्लं नाही?”

“एरवी फळं घेते गं, साबुदाणा घेते. पण या संकष्टीला काहीच नको म्हणाली. पाणीसुद्धा सकाळीच बंद केलं, विमानात सारखं उठायला लागू नये म्हणून. साडेचार तासांचा तर प्रश्न आहे.”

“दहा तास आहेत, ताई!”

ताई हळूच म्हणाल्या, “मीपण साडेचारच समजत होते.”

“भूक लागली, चक्कर आली, तर खातील ना पण? विमानात जेवण देतात.”

“चंद्र दिसल्याशिवाय? आज? केतकी, ही साधी संकष्टी नाहीये तिची.”

“म्हणजे?”

“ते तीच सांगेल. मला शपथ घातलीय.”

जुई पाळण्यात झोपली होती. मी जाऊन तिच्या छातीकडे बघत उभी राहिले. वर, खाली, वर, खाली. मग खुर्ची ओढून वही घेतली.

सोलापूरच्या कॉलेजात दोन वर्षं मी अकरावीच्या मुलांना हेच शिकवत होते. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. जितकं पश्चिमेला जाल तितका सूर्य उशिरा मावळतो आणि चंद्र उशिरा उगवतो. मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर. म्हणजे उपाशीपोटी, साखरेची गोळी घेतलेल्या माझ्या सासूबाई चंद्राकडे पाठ करून ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वेगाने पळत होत्या, आणि तो मागे मागे राहणार होता. पहाटेच्या चहापासून विमान उतरेपर्यंत सतरा तास पन्नास मिनिटं. तिकीट मी काढलं होतं.

निनादला, माझ्या नवऱ्याला, ऑफिसात फोन केला.

“आईला काही होत नाही,” तो म्हणाला. “ती तुळजापूरला अनवाणी चालत गेलेली बाई आहे.”

“कधी?”

“मी दुसरीत असताना.”

“तेव्हा त्यांना डायबिटीस होता?”

त्याने फोन ठेवला. दहा मिनिटांनी त्याचाच फोन. “केतकी, इथे चंद्र किती वाजता उगवतो आज?”

मी बघितलंच होतं. सहा वाजून अकरा मिनिटं. नोव्हेंबरात इतक्या उत्तरेला तो लवकर उगवतो, एवढीच एक गोष्ट आमच्या बाजूची होती. पण खिडकीबाहेर आभाळ राखाडी गोधडी पांघरून बसलं होतं आणि दिवसभर ढगच सांगितले होते.

विमान कंपनीच्या नंबरावर अर्धा तास संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली. मी तिला सगळं सांगितलं. ती फार गोड आवाजात म्हणाली, “काळजी करू नका, मॅडम. तुमच्या सासूबाईंसाठी हिंदू जेवणाची नोंद आहे.”

मग दिवसभर मी आणि तो नकाशा. मोबाइलवर विमानाचं पिवळं चिन्ह मुंगीसारखं सरकत होतं. खाली आकडे: किती किलोमीटर झालं, किती राहिलं. जुईला पाजताना बघितलं, तेव्हा विमान इराणवर होतं. तिचे कपडे वाळत घालताना तुर्कस्तान. अंतर कमी होताना बघून बरं वाटायला हवं होतं, पण मी प्रत्येक आकड्यासोबत मनातल्या मनात त्यांची साखरही खाली उतरवत होते. सव्वातीनला बघितलं तर विमान काळ्या समुद्राच्या काठावर होतं आणि अजून अडीच हजार किलोमीटर बाकी. बार्शीत आठ सेहेचाळीस झाले होते.

सुलूताईंचा मेसेज आला: “चंद्र निघाला. स्वच्छ दिसतोय. आईला दिसला असेल का?”

मी परत नकाशा उघडला.

साडेपाचला आम्ही विमानतळावर पोचलो. माझ्या पिशवीत ग्लुकोजचा डबा, केळी, संत्र्याचा रस आणि डब्यात वरणभात. निनादने पिशवी बघून विचारलं, “सलाईनची बाटली राहिली का?” मी त्याच्याकडे बघितलं. तो जुईची गाडी ढकलत मुकाट्याने पुढे गेला.

सहा वाजून दोन मिनिटांनी ते पिवळं चिन्ह लंडनच्या बाहेर पोचलं. पोचलं आणि वळलं.

“निनाद, हे बघ. हे परत चाललंय.”

“घिरट्या घालतंय. उतरायला जागा नसेल. बार्शीच्या स्टँडवर नाही का एस.टी. बाहेर थांबवतात, तसंच.”

एक घिरटी. दुसरी. एकेका फेरीला चार-चार मिनिटं. मला डोळ्यांसमोर खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून बसलेल्या आई दिसत होत्या. तिसरी घिरटी. बाहेर ढग इतके खाली आले होते की समोरच्या इमारतीवरचे दिवेसुद्धा अंधुक. म्हणजे खाली उतरूनही चंद्र दिसणार नव्हताच. चौथी. मी फोन निनादच्या हातात दिला आणि म्हणाले, “मला बघवत नाही, तू बघ.” मग तो लगेच परत हिसकावून घेतला.

सहा बत्तीसला विमान उतरलं.

त्यानंतर पाऊण तास दारातून माणसं बाहेर येत राहिली. सुटाबुटातली, झोपाळलेली, रडक्या पोरांना ओढणारी. आणि मग एक वरातच आली. लाल-गुलाबी ओढण्या, कोपरापर्यंत चुडे, मेंदीचे हात, सात-आठ बायका खिदळत. मला वाटलं, कुणाचं लग्न लागलंय. त्या घोळक्याच्या मध्ये, हिरव्या इरकलीत, कपाळावर एवढा मोठा कुंकवाचा मळवट घेऊन आमच्या आई चालत होत्या. त्यांची ट्रॉली एक उंच, गोरी पंजाबी मुलगी ढकलत होती.

“ही बघ, ही माझी केतकी!” आई लांबूनच ओरडल्या. “और ये मेरी नात! नात मतलब... पोती!”

मी धावत जाऊन आधी त्यांचा हात धरला. गरम होता. कोरडा. कापत नव्हता.

“आई, चक्कर आली का? आधी हा रस घ्या.”

“रस झाला, केळं झालं, मोदक झाले. आता पोटात जागा नाही.” त्या मला ढकलून जुईकडे वाकल्या. “आलं गं माझं सोनं ते!”

ती उंच मुलगी मला म्हणाली, “मासीजीने हम सबका व्रत बचा लिया.” मग त्या आठही जणी आईंना मिठ्या मारून, जुईचे गाल ओढून, गर्दीत पांगल्या. आई प्रत्येकीला बजावत होत्या, “घर जाके फोन करना हां!”

गाडीत बसल्याबरोबर निनाद म्हणाला, “आता पहिल्यापासून सांग.”

“काय सांगू, निन्या! सव्वासहा वाजले तशी मी पट्टा लावून, पिशवी मांडीवर घेऊन तयार. कुणी उठेनाच. सगळे आपले पांघरूण घेऊन झोपलेले. म्हटलं, स्टॉप चुकायचा आपला. शेजारच्या ह्या पोरीला हलवलं. जसलीन तिचं नाव. म्हटलं, ‘बेटी, लंडन आया क्या?’ तर म्हणते, ‘मासीजी, अभी तो आधा भी नहीं हुआ.’”

निनादला इतकं हसू आलं की त्याने गाडी हळू केली.

“हसू नको. तिला म्हटलं, मेरेको चाँद देखना है, उसके बाद खाना है. तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘मेरा भी!’ त्यांचा आज करवा चौथ होता. संकष्टीच्याच दिवशी असतो, मला कुठं ठाऊक! नव्या नवरीचा पहिला करवा चौथ, नवरा इकडं बर्मिंगहॅमला, आणि पोरगी पहाटेपासून निर्जळी. मग एकेक करत आठ निघाल्या विमानात. सगळ्या खिडक्यांना नाकं लावून. आणि बाहेर काय? सूर्य! रात्रीचे आठ वाजले तरी बुडायला तयार नाही. तांबडा होऊन आपला तिथंच लोंबकळतोय.”

“आणि तुमची साखर?” मी विचारलं.

“हातपाय कापायला लागले होते. खोटं कशाला बोलू.”

“आई!”

“ऐक तर. आठ सेहेचाळीस झाले घड्याळात. आणि माझ्या मनात आलं, माझा गणपती कुठं बसलाय? बार्शीला, पाटावर. त्याचा चंद्र तर निघाला. सुलू आत्ता आरती करत असेल. मग देव तिकडं मोदक खाऊन मोकळा आणि मी इकडं कुणासाठी अडून बसलेय? म्हणून ठरवलं. पाणी आणि रस बार्शीच्या चंद्रावर घ्यायचा, आणि जेवण लंडनच्या. रस प्यायला नि पाच मिनिटांत हुशारी आली. पण ती जसलीन ऐकेना. ओठ पांढरे पडलेले. म्हटलं, ‘तेरी सासू किधर है?’ ‘जालंधर.’ ‘उधर चाँद निकला ना? सासू का चाँद निकला तो बहू पानी पी सकती है.’”

“असं कुठे लिहिलंय?” निनादने विचारलं.

“कुठं लिहायला कशाला पाहिजे? मी सांगितलं. म्हटलं, मैं भी सासू हूं, मेरे को मालूम है. मग आठही जणींना पटलं. ती विमानातली मुलगी ट्रेभरून ग्लास घेऊन आली. तिनंच पुढं जाऊन विमान चालवणाऱ्याला सांगितलं, मागं आठ-नऊ बायका चंद्रासाठी खोळंबल्यात.”

“आणि मग घिरट्या सुरू झाल्या,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

“तुला कसं कळलं? अगं, खाली नुसता कापूस पसरलेला आणि आम्ही त्याच्या वर. स्पीकरवर तो माणूस म्हणाला, उतरायला वेळ आहे, डावीकडच्यांनी बाहेर बघा. आणि विमान असं कलंडलं, नि कापसातून वर आलेला, केशरी, एवढा मोठा! मी नुसती हात जोडून बसले. उजवीकडच्या बायका ओरडायला लागल्या, हमारी खिड़की में कब आएगा? पट्टे लावलेले, उठता येईना. तर विमानच वळलं! चंद्र त्यांच्या खिडकीत. पुन्हा वळलं, पुन्हा आमच्या. चार फेऱ्या मारल्या, कुणाची खिडकी सोडली नाही. जसलीननं पर्समधून चहाची गाळणी काढली, तिच्यातून आधी चंद्र बघितला, मग मोबाइलवर नवऱ्याचा फोटो. मी तळणीचे मोदक आणले होते एकवीस. इकडून तिकडं हातोहात पाठवले. एक त्या चालवणाऱ्यालाही पाठवला. खाल्ला का नाही, देव जाणे.”

निनाद स्टीअरिंगवर थापा मारून हसत होता. मी मागच्या सीटवर आईंच्या शेजारी बसले होते. त्या चार फेऱ्यांत मी खाली उभी राहून काय काय बघितलं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

“पण एवढं कडक कशासाठी, आई?” मी विचारलं. “सुलूताई म्हणाल्या, ही साधी संकष्टी नाही. जुईसाठी काही बोलला होतात का?”

“जुईला काय धाड भरलीय? टुणटुणीत आहे ती.” त्या माझ्याकडे वळल्या. “तुझ्यासाठी बोलले होते.”

“माझ्यासाठी?”

“तू जूनमध्ये फोनवर म्हणालीस, आठवतं? मी विचारलं, बाळ झोपतं का. तू म्हणालीस, ‘ती झोपते, आई. मीच झोपत नाही. तिच्या नाकाशी बोट धरून बसते.’ आणि हसलीस. ते हसणं मला काही बरं वाटलं नाही. त्याच रात्री गणपतीला म्हटलं, पाच संकष्ट्या करते, माझ्या पोरीला झोप लागू दे. आज पाचवी. चार बिनबोभाट झाल्या, ही शेवटची कशी मोडणार?”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर काहीच दिसत नव्हतं.

“आणि म्हटलं, सगळंच देवावर टाकून कसं चालेल,” आई म्हणाल्या. “तो काही उठून पाळणा हलवायला येणार नाही. म्हणून निन्याच्या मागं लागून तुला तिकीट काढायला लावलं.”

घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली, वरणभात खाल्ला, सुलूताईंना फोनवर सगळी कहाणी पुन्हा, थोडी वाढवून सांगितली. मग पाळणा स्वतःच्या खोलीत नेला आणि मला म्हणाल्या, “जा आता.”

“ती मध्ये उठते, आई. आणि कधीकधी श्वास इतका हळू घेते की...”

“तीन पोरं वाढवलीत मी. उपाशी उठली तर आणून देते तुझ्याकडं. जा.”

मी जाऊन पडले. पाच मिनिटांनी उठून बघून आले. पुन्हा पडले. पुन्हा उठले. तिसऱ्यांदा गेले, तर आतून कडी होती. दार वाजवणार तेवढ्यात आतून आवाज आला, “श्वास घेतेय. मीही घेतेय. आता तू घे.”

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा साडेदहा वाजले होते. मध्ये दोनदा जुईला माझ्याजवळ आणून, पाजून नेलं होतं म्हणे. मला अर्धवटसंही आठवत नाही. स्वयंपाकघरात निनाद ऑफिसला न जाता पोहे खात बसला होता, आई जुईला अंगाला तेल लावून मोडक्या हिंदीत जसलीनशी फोनवर बोलत होत्या, आणि मला एवढी भूक लागली होती की मी निनादची बशीच ओढून घेतली.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. आई तेव्हा सहा महिने राहिल्या. त्या नसत्या आल्या, तर मी कुणाला काही सांगितलं नसतं. लोक फोन करत होते, बाळाचं वजन विचारत होते, फोटो मागत होते. मी पाठवत होते. मला कुणी काही विचारलं नाही असं नाही, विचारलं की मी “मजेत” म्हणायचे आणि त्यांना ते पटायचं.

तुमच्या ओळखीत कुणी नुकती बाळंत झालेली असेल. मावसबहीण असेल, ऑफिसातली मैत्रीण असेल, खालच्या मजल्यावरची असेल. तिला आज फोन करा. बाळ कुणासारखं दिसतं ते नंतर. काल रात्री किती तास झोपलीस, एवढंच आधी विचारा. आणि ती नुसतीच हसली, तर फोनवर थांबू नका. तिच्या घरी जा.